वाघ-बकरीसाठी तीन कोटेशनं

सरकारी कचेरीच्या भांडार शाखेत उमेदीची सगळी वर्षं घालवलेला माणूस मेथीची जुडी घ्यायला गेला तरी तीन गाड्यांवर भाव विचारतो. राधाकिसन तर तिन्ही भाव मनात मांडून, त्यातला कमीत कमी कुठला ते ठरवून, मग त्या गाडीकडे परत जायचा. तोवर मेथी संपलेली असायची. पण पद्धत ती पद्धत. जालन्याच्या त्या कचेरीत झाडू घ्यायचा असो की पाण्याचा पंप, तीन कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, साहेबांची सही आणि मग खरेदी, या क्रमाबाहेर जगात काही चांगलं घडू शकतं यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या लग्नाच्या वेळीही आधी तीन मुली पाहिल्या होत्या, असं त्याची बायको कौसल्या सांगायची आणि आत निघून जायची.

असा हा माणूस दोन हजार साली, डोक्यावरचे केस आणि कचेरीतली बढती या दोन्हींची आशा सोडून दिल्यावर, कॉम्प्युटरवर खेळ कसा तयार करतात ते शिकायच्या नादी लागला.

त्याला कारण होते त्याचे वडील, आबाराव; तो त्यांना दादा म्हणायचा. ते मूळचे अंतरवाली सराटीचे. तरुणपणी मेंढरं राखली, पुढं शेती केली. उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा राधाकिसननं त्यांना जालन्याला आणलं. बोलणं अडखळत होतं, पण डोकं शाबूत होतं. गावाकडून त्यांचा जुना सोबती कचरू अधूनमधून एसटीनं यायचा. आला की दोघं पुढच्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर खडूनं रेघा ओढायचे, आबारावांच्या चंचीतून वाघांचे खडे आणि बकऱ्यांचे चिंचोके निघायचे, आणि दिवस मावळेपर्यंत वाघ-बकरी चालायची: वाघानं उडी मारून बकरी खायची, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. बोलणं फारसं व्हायचं नाही. कचरू एक चिंचोका हातात घेऊन इतका वेळ विचार करायचा की कौसल्येचा चहा करून, पिऊन, कपबशा धुऊन व्हायच्या, तरी चिंचोका हातातच.

पोळ्याच्या सुमाराला कचरू वारला. गावाकडून निरोप आला तेव्हा आबारावांनी चंचीची दोरी ओढली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पुढं केलं तर जेवायचे, नाही केलं तर मागायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "औषधं चालू ठेवा, आणि त्यांचं मन कशात तरी रमवा." हे दुसरं औषध कुठल्या दुकानात मिळतं ते मात्र त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं नाही.

"तुम्हीच का बसत न्हाई मामांच्या म्होरं?" कौसल्येनं एकदा विचारलं.

"मला येत नाही तो खेळ," राधाकिसन म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडून बसला. ते कालचं होतं.

शेजारच्या भुजंगच्या घरी त्याला मार्ग दिसला. भुजंग एमआयडीसीतल्या एका बियाणांच्या कारखान्यात हिशेबनीस. कारखान्यानं टाकून दिलेला कॉम्प्युटर त्यानं घरी आणला होता. राधाकिसन गेला तेव्हा भुजंग पडद्यावर बुद्धिबळ खेळत होता.

"समोर कोण आहे?" राधाकिसननं विचारलं.

"कुणीच न्हाई, साहेब. मशीनच खेळून राह्यलंय."

"आणि ते कंटाळत नाही?"

"आपुन कंटाळतो. त्याला काय?"

न कंटाळणारा, न मरणारा आणि एसटीच्या वेळापत्रकावर अवलंबून नसलेला गडी! राधाकिसन घरी आला तो तरंगतच. कॉम्प्युटरला वाघ-बकरी शिकवायची आणि दादांसमोर आणून ठेवायचा. आता प्रश्न एवढाच उरला, की शिकवायचं कसं हे आपण कशातून शिकायचं. कुठल्याही शहाण्या माणसानं हा प्रश्न एका संध्याकाळी सोडवला असता. पण राधाकिसन भांडार शाखेतला होता.

सल्ला देणाऱ्यांची गल्लीत वाण नव्हती. निवृत्त गणितशिक्षक धर्मराज गुरुजी म्हणाले, "राधाकिसनराव, प्रोग्रामिंग म्हणजे शुद्ध गणित. आधी दहावीचं बीजगणित पक्कं करा." आणि जिना चढून जुनी पाठ्यपुस्तकं घेऊनच आले. भुजंग म्हणाला, "ते सगळं राहू द्या, बेसिक नावाची कॉम्प्युटरची भाषा शिका, नावातच सोपं हे." बडी सडकेवरच्या कॉम्प्युटर क्लासचा मालक वसंता म्हणाला, "काका, गेम कशाला? लग्नपत्रिका करायला शिका. सीझनला जेवायला टाइम भेटायचा न्हाई." समोरच्या कांताबाईंचा कॉम्प्युटरशी लांबूनही संबंध नव्हता, पण त्यांनीही सांगितलं, की त्यानं डोळे जातात, तेव्हा गाजर खा. एवढ्या सगळ्यांत गाजराचाच सल्ला राधाकिसननं ताबडतोब अमलात आणला, कारण त्याला कोटेशन लागत नव्हतं.

मग त्यानं औरंगाबादच्या तीन पुस्तकांच्या दुकानांना पत्रं धाडली. 'नवशिक्यास संगणकीय खेळ निर्मितीचे शिक्षण देणारे पुस्तक, नग एक, दर कळवावेत.' एका दुकानदाराला वाटलं, ही सरकारी खरेदी आहे, आणि त्यानं नग शंभर धरून सवलत कळवली. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. त्याला स्मरणपत्र गेलं, मग दुसरं स्मरणपत्र गेलं. तिसऱ्यानं ओळखीच्या माणसाबरोबर तोंडी निरोप पाठवला, 'दुकानात येऊन बघून न्या की.' बघून न्या! उद्या म्हणतील वाचून न्या. राधाकिसनला तो निरोप अपमानास्पद वाटला, आणि तो त्यानं विचारात घेतला नाही.

अखेर दुसऱ्याचा दर आला, चौथ्या दुकानाकडून तिसरा मिळवला, तक्ता तयार झाला, सर्वांत कमी दराचं पुस्तक ठरलं आणि मागवलं. जाडजूड, निळ्या मुखपृष्ठाचं. राधाकिसननं त्याला खाकी कव्हर घातलं, उदबत्ती लावली आणि शब्दकोश शेजारी घेऊन पहिलं वाक्य लावलं. 'पहिल्या भागात आपण जे शिकलो, त्याच्या आधारे आता पुढे जाऊ.' तो भाग दुसरा होता. म्हणूनच तो स्वस्त होता.

"मंग पहिला मागवा," कौसल्या म्हणाली.

"मागवणार. पण त्याला नव्यानं प्रक्रिया करावी लागेल," राधाकिसन म्हणाला.

भिंतीकडे तोंड करून पडलेले आबाराव हे ऐकत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या भागाची कोटेशनं येईपर्यंत वेळ वाया जाऊ नये म्हणून वसंतानं सांगितलं, की इंटरनेटवर सगळं फुकट मिळतं. फुकट म्हणजे कमीत कमी दर, तेव्हा यात नियमभंगही नव्हता. स्टेशन रोडला नुकताच एक सायबर कॅफे निघाला होता. आत लाकडी खोपे, प्रत्येक खोप्याला फुलाफुलांचा पडदा. राधाकिसन कचेरीच्या कपड्यांत, काखेत छत्री धरून आत शिरला. मालकानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि समजूतदार आवाजात म्हटलं, "काका, कोपऱ्यातला बसा. तिकडं कुणी येत न्हाई." या वाक्याचा अर्थ राधाकिसनला पंधरवड्यानं लागला. तोवर तो रोज तिथं जात होता, आणि पडद्याआडून बाहेर येताना डोळे लाल असत, कारण इंग्रजी वाचून त्याचे डोळे लालच होत. एके दिवशी त्यानं नवशिक्यांसाठीचा एक मोठा धडा छापून घेतला. आजूबाजूच्या जाहिरातींसकट सगळं छापून आलं. त्यातल्या एका जाहिरातीतल्या बाईनं थंडीचा अजिबात विचार केलेला नव्हता, आणि नेमकं तेच पान रस्त्यात कांताबाईंच्या पायाशी उडून पडलं.

संध्याकाळी कांताबाई कौसल्येकडं विरजण मागायला आल्या आणि निघताना हळूच म्हणाल्या, "सगळं बराबर हे ना घरात? पुरुषाचं या वयात असं होतं म्हणत्यात. गाजर जास्त झालं का काय?"

कौसल्येनं त्या रात्रीही ताट नेहमीसारखं वाढलं. फक्त गाजराची कोशिंबीर बंद झाली. राधाकिसनच्या अब्रूला असा तडा पूर्वी कधी गेला नव्हता. आपण हे सगळं कुणासाठी करतोय हे गल्लीत ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. पण दादांना आधी कळू द्यायचं नव्हतं. तयार झालेलं मशीनच त्यांच्यासमोर ठेवायचं होतं.

शेवटी वसंताच्या क्लासला नाव घातलं. तिथं शिकवायला बेबीनंदा नावाची मुलगी होती, राधाकिसनच्या पुतणीच्या वयाची. बाकीची पोरं भराभर टाइप करत आणि राधाकिसन एकेक अक्षर शोधत बसे, तरी ती त्याच्यावर कधी वैतागली नाही. भुजंगनं आपला जुना कॉम्प्युटर त्याला देऊन टाकला, आणि पहिला भागही रीतसर येऊन पोचला. त्याच्या पहिल्याच धड्यात लिहिलं होतं, की खेळ लिहायला घेण्यापूर्वी तो स्वतः खेळा, आणि त्याचे सगळे नियम कागदावर उतरवा.

राधाकिसन पुस्तक मिटून बसला. म्हणजे दादांना विचारावं लागणार होतं.

त्याला खेळ का येत नव्हता, ते त्यानं कौसल्येलाही कधी सांगितलं नव्हतं. लहानपणी गावातल्या देवळाच्या पारावर दादा आणि कचरूकाका खेळत, तेव्हा तो दादांच्या मांडीला खेटून बसे. एकदा त्यानं चिंचोका उचलून पुढं सरकवला. चाल बरोबर होती, कचरूकाका हसलेही. दादांनी मात्र त्याच्या हातातून चिंचोका काढून घेतला. "हे आमचं काम हे, मेंढरामागं हिंडणाऱ्याचं. तू पुस्तक धर." तो उठला आणि पुस्तक धरलं. त्यानंतर पाराकडं फिरकला नाही, आणि दादांच्या मांडीलाही पुन्हा कधी खेटला नाही.

तो कागद-पेन घेऊन अंथरुणाशी गेला. "दादा, वाघ-बकरी कशी खेळतात?"

आबारावांनी मान वळवली. "तुला कशाला?"

"मशीनला शिकवायची आहे. तुमच्यासाठी."

म्हातारा अर्ध्या तोंडानं हसला. "मशीनला? आधी तू तर शीक." आणि कित्येक आठवड्यांनी त्यांचा डावा हात उशीखालच्या चंचीकडं गेला.

फरशीवर पुन्हा रेघा आल्या. आबाराव भिंतीला टेकून वाघ खेळत, राधाकिसन मांडी घालून बकऱ्या ठेवी आणि प्रत्येक चालीनंतर कागदावर टिपण करी. पहिल्या दिवशी वाघानं पहिली बकरी मारली तेव्हा म्हातारा म्हणाला, "हात कर."

"का?"

"कर म्हणलं ना."

राधाकिसननं तळहात पसरला. आबारावांनी मारलेला चिंचोका त्यावर ठेवला. "पहिली बकरी बिरोबा देवाची. खायची न्हाई, माघारी द्यायची."

"असं का, दादा?"

"नवा गडी भेतो. पहिल्याच दमात खाल्लं त्याला, तं पुन्हा खेळाया येत न्हाई." श्वास घेऊन ते म्हणाले, "आता लई शिकलास तू. आता बसाया हरकत न्हाई."

राधाकिसननं हे सगळं लिहून घेतलं, शेवटचं वाक्य सोडून.

ते दिवस चांगले गेले. आबाराव आपणहून भाकरी मागू लागले. कौसल्येला हाक मारून 'पोरीऽ, चहा कर, तुझा नवरा हरून राह्यलाय' असं म्हणू लागले. राधाकिसन रोज हरत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हरल्याचा कमीपणा वाटत नव्हता. पण नियम सगळे उतरवून झाले, आणि कामाचा माणूस काम संपल्यावर बसत नाही. कागदांची चळत घेऊन तो कॉम्प्युटरकडं गेला. सकाळी आबाराव चंची सोडून विचारत, "बसतो का?"

"तुमचंच काम चालू आहे दादा. थोडंच राहिलंय."

ते थोडं बरेच दिवस राहिलं. बेबीनंदाच्या मदतीनं प्रोग्राम उभा राहत होता आणि कोसळत होता. वाघ पटाबाहेर उडी मारून नाहीसा होई. एकदा बकऱ्यांनीच वाघ खाल्ला. बिरोबाच्या बकरीबद्दल बेबीनंदा म्हणाली, "ते टाकता येईल काका, पण आधी बाकीचं चालू होऊ द्या." राधाकिसननं तो नियम 'प्रलंबित' असा शेरा मारून बाजूला ठेवला. मग तिला पुण्याला नोकरी लागली आणि ती गेली.

अखेर एका रविवारी मशीन तयार झालं. धर्मराज गुरुजी, भुजंग, गाजरवाल्या कांताबाई, सगळे जमले. आबारावांना उचलून खुर्चीत बसवलं, नारळ फोडला आणि वीज गेली. ती आली तेव्हा नारळाच्या प्रसादाबरोबर निम्मी मंडळीही संपली होती. आबाराव मात्र खुर्चीतून हलले नव्हते.

ते बोटानं दाखवत, राधाकिसन बटण दाबी. त्यांनी बकरी ठेवली. ठेवली न ठेवली तोच वाघ सरकला. दुसरी ठेवली, तोच वाघ सरकला. मग वाघानं टुणकन उडी मारली आणि पहिली बकरी पडद्यावरून गेली. आबारावांनी डावा तळहात पडद्यासमोर पसरला. काही झालं नाही. हात हळूहळू मांडीवर आला. डाव दोन-चार मिनिटांत संपला.

"कसं वाटलं, दादा?"

आबारावांनी पडद्यावरून नजर काढली. "ह्याला लई घाई हे," ते म्हणाले. "कचरू बिडी पेटवायचा. ढगाकडं बघायचा. मंग चाल. मेंढरं पाण्याहून येईस्तोवर डाव पुरवावा लागतो, बाबा. ह्याला कुठं जायचंय?"

भुजंग हसला. राधाकिसनला हसू आलं नाही. मेहनतीवर पाणी पडल्यासारखं त्याला झालं. आबारावांनी फरशीकडं बोट केलं. "राहू दे ते. तू बस."

"एवढं दुरुस्त करतो दादा. त्याला थांबायला शिकवतो, मग बसू."

आता मशीनला थांबायला कसं शिकवायचं, हे सांगायला बेबीनंदा नव्हती. म्हणजे तिसरं पुस्तक हवं होतं. राधाकिसननं पत्रं धाडली. दोन दर आले, तिसरा येईना. कौसल्या म्हणाली, "दोनावर भागवा की एकदा." त्यावर त्यानं तिला तीनच का, यामागचं शासनाचं धोरण समजावून सांगितलं. रोज सकाळी तो कचेरीला निघताना आबाराव फरशीवर वाघ मांडत, आणि समोरच्या रिकाम्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग सरकवून ठेवत. संध्याकाळी तो यायचा तेव्हा ते सगळं तसंच असायचं. कौसल्या त्याच्या कडेकडेनं फरशी पुसायची.

त्या दिवशी दुपारी तिसरं कोटेशन आलं. राधाकिसननं कचेरीत डबा बाजूला सारून तक्ता पुरा केला आणि मागणीचं पत्र टपालात टाकून तो परत येत होता, तेव्हा भुजंग मोटारसायकल घेऊन आला. म्हणाला, "चला साहेब, जल्दी."

आबाराव भिंतीला टेकूनच बसलेले होते. मान एका बाजूला कलली होती. समोर वाघ मांडलेले होते, आणि पलीकडच्या बाजूला चिंचोक्यांचा ढीग होता.

सगळं गावाकडं झालं. दहावं, तेरावं उरकून राधाकिसन आणि कौसल्या जालन्याला परतले तर दारात टपालाचं पार्सल पडलेलं. पुस्तक आलं होतं. तो कपडेही न बदलता खुर्चीत बसला. अनुक्रमणिकेत बोट फिरवत त्यानं पान काढलं. मशीनला थांबवायला एक ओळ पुरत होती. एकच ओळ, तीही एका शब्दाची, आणि कंसात थांबायचा वेळ. त्यानं पहिला भाग काढून पाहिला. ती ओळ त्यातही होती, शेवटून दुसऱ्या धड्यात. तिथवर तो पोचलाच नव्हता.

त्यानं ती ओळ लिहिली. कंसात मोठा आकडा घातला. मग एक बकरी ठेवली.

मशीन थांबलं. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. कांताबाईंकडं कुकरच्या शिट्ट्या झाल्या. वाघ जागेवरच होता. कौसल्या आतून आली आणि त्याच्या खुर्चीमागं उभी राहिली.

"बंद पडलं का?"

"नाही. विचार करतंय."

तीही पाहत राहिली. "मामांनी तुम्हालाच बस म्हणलं व्हतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"माहीत आहे मला. तेव्हाही माहीत होतं."

वाघ सरकला. राधाकिसननं दुसरी बकरी ठेवली, थांबला, तिसरी ठेवली. मशीननं पुष्कळ वेळ घेतला, आणि मग वाघानं उडी मारली. पहिली बकरी गेली. राधाकिसनचा हात आपोआप उचलला गेला आणि पडद्यासमोर तळहात पसरून तो बसला. हात खाली घ्यावा हे त्याला कळत होतं, पण घेववत नव्हता.

कौसल्या फरशीपाशी गेली. खडूच्या रेघा अजून होत्या, चिंचोकेही तसेच होते. तिनं त्यातला एक उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. मग राधाकिसनला रडू कोसळलं. दादा गेल्यापासून तो रडला नव्हता.